मान ज्याचा त्याचा : नगर जिल्ह्यातील उरूस, जत्रा आणि मोहरम

क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा म्हणून नगर जिल्ह्याची ओळख आहे. पश्चिमेस अकोल्याची भातखाचरे, मध्ये प्रवरा-गोदावरीच्या काठचा उसाचा पट्टा आणि पूर्व-दक्षिणेस पाथर्डी, कर्जत, जामखेडची कोरडी माळराने, असा हा चौदा तालुक्यांचा विस्तार आहे. २०२४ सालापासून जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे. प्रस्तुत लेखात बहुतांश जुन्या काळाविषयी लिहावयाचे असल्याने 'नगर' हेच लोकांच्या तोंडचे नाव वापरले आहे.

आपली मुले शाळेत निजामशाही शिकतात. मलिक अहमदने १४९० साली सीना नदीकाठी हे शहर वसविले, चांदबीबीने १५९५-९६ मध्ये मोगलांच्या वेढ्यास तोंड दिले, मलिक अंबरने पडते राज्य सावरून धरले आणि १६३६ मध्ये ते राज्य संपले, हे त्यांना पाठ असते. पण राज्य संपल्यावर लोकांचे काय झाले? शहरात आणि खेड्यापाड्यांत जो समाज उरला तो परस्परांशी कसा वागला? या प्रश्नांचे उत्तर राजांच्या यादीत सापडत नाही. ते उरूस, जत्रा आणि मोहरम यांत सापडते, कारण हे मेळे राज्ये बुडाल्यानंतरही भरत राहिले.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. या लेखाचा हेतू धर्मशास्त्राचा निर्णय देण्याचा नाही. उरूस, संदल, ताबूत यांपैकी काय योग्य व काय अयोग्य याविषयी आपल्या उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि प्रत्येक कुटुंबाने आपल्या श्रद्धेप्रमाणे वागावे हेच उचित. येथे केवळ इतिहास पाहावयाचा आहे. जे चारशे-पाचशे वर्षे घडत आले त्याची माहिती असणे हे कोणत्याही मताच्या माणसाला आवश्यक आहे.

कोठला आणि मोहरम

हिजरी ६१, म्हणजे इसवी सन ६८०, या वर्षी मोहरमच्या दहाव्या तारखेस करबलाच्या मैदानात हजरत इमाम हुसेन शहीद झाले. इराकमधील ही घटना नगर शहराच्या जीवनात इतकी खोल कशी रुजली, याचे उत्तर पहिल्या बुऱ्हान निजामशहाच्या कारकिर्दीत आहे. हा राजा १५१० ते १५५३ पर्यंत गादीवर होता. इराणातून आलेले विद्वान शाह ताहिर त्याच्या दरबारी होते. राजपुत्र अब्दुल कादिर आजारी पडला असता शाह ताहिर यांनी बारा इमामांच्या नावे नवस करण्यास सांगितले व राजपुत्र बरा झाला, अशी कथा इतिहासकार फरिश्ता सांगतो. फरिश्ता स्वतः लहानपणी वडिलांबरोबर नगरला आला होता व येथेच वाढला होता. १५३७ च्या सुमारास बुऱ्हानशहाने शिया पंथ स्वीकारला. या बदलास शहरात विरोधही झाला.

त्याच सुमारास 'बारा इमाम कोठला' उभा राहिला. आज कोठला म्हटले की मोहरमची सवारी डोळ्यांसमोर येते. परंतु तेथे विद्यादान व लंगर ही दोन्ही कामे चालावीत, आणि त्यांच्या खर्चासाठी गावांचे उत्पन्न लावून द्यावे, अशी मूळ योजना होती. गोरगरिबाला अन्न आणि विद्यार्थ्याला ज्ञान एकाच आवारात मिळावे हा विचार पावणेपाचशे वर्षांपूर्वी आपल्या शहरात झाला होता, हे आपल्यासारख्या शिक्षणसंस्थेच्या वाचकांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे.

निजामशाही गेली. मोगल आले, मराठे आले, इंग्रज आले. मोहरम मात्र राहिला, आणि तो एका पंथाचा न राहता शहराचा झाला. कोठल्यातील बडे इमाम आणि मंगलगेट हवेलीतील छोटे इमाम यांच्या सवाऱ्या कत्तलच्या रात्री निघतात. दहाव्या दिवशी विसर्जनाची मिरवणूक निघून ती सावेडीस संपते. शिया-सुन्नी असा भेद तर येथे मागे पडतोच, पण सवारीवर चादर चढविणारे, नवस फेडणारे आणि वाटेवर सरबताची सोय करणारे यांत हिंदू कुटुंबेही पूर्वापार आहेत. दख्खनच्या खेड्यांत तर जेथे मुसलमानांची दोनचारच घरे असतात तेथेही पंजे बसतात, अलावा खणला जातो, मलिदा आणि चोंगे वाटले जातात. या खेड्यांत पंजा उचलण्याचा मान अनेकदा एखाद्या मराठा, धनगर किंवा मातंग कुटुंबाकडे असतो.

पिराचे नाव आणि भोसल्यांचे घर

नगर शहराजवळ दर्गादायरा येथे हजरत शाह शरीफ यांची दर्गाह आहे. वेरूळचे मालोजीराजे भोसले निजामशाहीच्या चाकरीत होते. त्यांना संतान नव्हते. शाह शरीफ यांच्या दुव्याने दोन पुत्र झाले म्हणून एकाचे नाव शहाजी व दुसऱ्याचे शरीफजी ठेवले, ही परंपरा मराठी बखरींनी जपली आहे व इतिहासाच्या ग्रंथांतून ती सर्वत्र आली आहे. एका पिराच्या नावाचे दोन भाग करून दोन भावांनी ते वाहिले. त्यांतील थोरल्याचे पुत्र छत्रपती शिवाजी महाराज.

धाकट्या शरीफजीचे पुढे काय झाले हे कमी जणांना ठाऊक असते. १६२४ मध्ये मोगल आणि आदिलशाही या दोहोंच्या एकत्र फौजेशी मलिक अंबरने भातवडी येथे लढाई दिली व ती जिंकली. ही भातवडी नगरपासून फार दूर नाही. शहाजीराजांचे नाव या लढाईने सर्वत्र झाले. शरीफजीराजे तेथेच धारातीर्थी पडले. ज्या पिराच्या नावाने त्यांचे नाव ठेवले, त्याच पिराच्या परिसरात, त्या राज्याच्या रक्षणासाठी ते लढले. हबशी सेनापती, मराठा सरदार, मुसलमान राजा असे हे राज्य होते. 'आमचे' आणि 'त्यांचे' अशी सरळ रेघ त्या काळावर ओढू पाहणाऱ्याने भातवडीचा प्रसंग एकदा नीट वाचावा.

श्रीगोंद्याचे शेख महंमद

याच मालोजीराजांचा संबंध जिल्ह्यातील आणखी एका पवित्र स्थानाशी आहे. संतकवी शेख महंमद यांना त्यांनी श्रीगोंद्यास आणून मठ बांधून दिला, असे संशोधक सांगतात. शेख महंमद हे जन्माने मुसलमान, भाषेने मराठी आणि वृत्तीने वारकऱ्यांच्या जवळचे होते. त्यांचे गुरू चांद बोधले. एकनाथ महाराजांचे गुरू जनार्दनस्वामी, त्यांचेही गुरू हेच चांद बोधले. म्हणजे एकाच गुरूच्या परंपरेतून एकीकडे पैठणचे एकनाथ आणि दुसरीकडे श्रीगोंद्याचे शेख महंमद असे दोन प्रवाह निघाले. चांद बोधले हे सूफी परंपरेतील होते, हे रा. चिं. ढेरे यांनी दाखवून दिले आहे, आणि 'मुसलमान मराठी संतकवी' या नावाचे त्यांचे पुस्तकच आहे. मोठ्या विद्यार्थ्यांनी ते अवश्य मिळवून वाचावे.

शेख महंमदांचा 'योगसंग्राम' हा ग्रंथ १६४५ सालचा. 'पवनविजय' व 'निष्कलंक प्रबोध' हेही त्यांचे ग्रंथ आहेत. याच जिल्ह्यात नेवासे येथे १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. त्यानंतर साडेतीनशे वर्षांनी त्याच भाषेत, त्याच ओवी छंदात एका मुसलमान संताने अध्यात्म मांडले. आपल्या मुलांना मराठी ही 'दुसऱ्यांची भाषा' वाटू नये, यासाठी याहून मोठा दाखला कोणता द्यावा?

श्रीगोंद्याची यात्रा फाल्गुन महिन्यात भरते. त्या स्थानास कोणी मठ म्हणतो, कोणी मंदिर, कोणी दर्गाह. शतकानुशतके ही तिन्ही नावे एकत्र नांदली.

मढीची यात्रा

पाथर्डी तालुक्यातील तिसगावपासून जवळ, टेकडीवर मढी हे स्थान आहे. नाथ संप्रदायाच्या नवनाथांपैकी कानिफनाथांची ही समाधी मानली जाते. इंग्रज सरकारने १८८४ मध्ये नगर जिल्ह्याचे गॅझेटियर प्रसिद्ध केले. त्यात या स्थानाचे नाव शाह रमजान माही सवार असे असून हिंदू त्यांना कान्होबा म्हणतात, अशी नोंद आहे. 'माही सवार' म्हणजे माशावर बसणारा. या संताने पैठणला गोदावरी माशावर बसून पार केली अशी आख्यायिका आहे. दोन्ही समाज या स्थानाला सारखेच मानतात, असेही गॅझेटियरकारांनी लिहून ठेवले आहे.

होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालणारी ही यात्रा महाराष्ट्रातील भटक्या समाजांचे मोठे संमेलन आहे. रंगपंचमी हा मुख्य दिवस. होळी पेटविण्याचा मान गोपाळ समाजाचा. येथील गाढवांचा बाजार प्रसिद्ध आहे. माती, दगड आणि विटा वाहणाऱ्या समाजांचे पोट ज्या जनावरावर चालते, त्याची वर्षाची खरेदी-विक्री या यात्रेत होत आली. भटक्या समाजांच्या जातपंचायतीही येथे भरत. वर्षभर वाटा वेगळ्या असलेल्या लोकांना सोयरीक जुळविण्यास, भांडण मिटविण्यास, उधारी फेडण्यास दुसरे ठिकाण नव्हते. या पंचायतींचे काही निवाडे फार कठोर आणि अन्यायाचे असत, बहिष्कारामुळे कुटुंबे उद्ध्वस्त होत, हेही सांगितले पाहिजे. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तो अशा अनुभवांतूनच. जे जुने ते सर्व चांगले, असे मानण्याचे कारण नाही.

शिर्डी, १८९७

एखादा मेळा नेमका कसा सुरू होतो याची तपशीलवार हकीकत क्वचितच मिळते. शिर्डीच्या बाबतीत ती मिळते, कारण गोविंद रघुनाथ दाभोलकर यांनी 'श्री साईसच्चरित' या ग्रंथात ती लिहून ठेवली.

कोपरगावचे सर्कल इन्स्पेक्टर गोपाळराव गुंड यांना बऱ्याच वर्षांनी पुत्र झाला. कृतज्ञता म्हणून १८९७ मध्ये त्यांनी शिर्डीस उरूस भरविण्याचे मनावर घेतले. साईबाबांची संमती मिळाली. परंतु परवानगीचा प्रश्न आला. गावच्या कुलकर्ण्याने प्रतिकूल अभिप्राय दिला आणि कलेक्टरची मंजुरी अडली. खटपट करून ती मिळविण्यात आली. दुसरी अडचण पाण्याची. यात्रेकरूंना पुरेल इतके पाणी गावच्या विहिरींना नव्हते. उरसाचा दिवस रामनवमीचा ठरला. नगरच्या दामूअण्णा कासारांनी एक निशाण द्यावे व निमोणच्या नानासाहेब निमोणकरांनी दुसरे, असे ठरले. दोन्ही निशाणे मिरवीत नेऊन मशिदीवर लावली जाऊ लागली. कोऱ्हाळ्याचे अमीर शक्कर दलाल या मुसलमान भक्ताने संदलाची मिरवणूक सुरू केली.

१९१२ मध्ये कृष्णराव जागेश्वर भीष्म यांच्या सूचनेवरून त्याच दिवशी रामजन्माचा उत्सवही होऊ लागला. पाळणा बांधला गेला, कीर्तन झाले. त्यापुढे हा मेळा रामनवमीचा उत्सव म्हणून वाढला. तरी संदल बंद पडला नाही. एकाच दिवशी, एकाच गावात, निशाणांची मिरवणूक आणि संदलाची मिरवणूक अशा दोन्ही निघत राहिल्या. १९१८ च्या विजयादशमीस साईबाबांचे निर्वाण झाले, त्यानंतरही ही रीत चालू राहिली.

या हकीकतीत एक बोध आहे. कासारांना संदल काढण्यास कोणी सांगितले नाही व दलालांना पाळणा हलविण्यास कोणी भाग पाडले नाही. ज्याने त्याने आपल्या रीतीने आपले काम केले आणि दोन्हींचा मिळून एक मेळा झाला.

पंचांग आणि पीक

वाचकांच्या लक्षात एक गोष्ट आली असेल. श्रीगोंदा फाल्गुनात, मढी फाल्गुनापासून पाडव्यापर्यंत, शिर्डी चैत्रात. ही स्थाने मुसलमान संतपरंपरेशी निगडित असूनही त्यांच्या तारखा हिजरी नाहीत. असे का व्हावे?

हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते. सूर्याच्या वर्षापेक्षा ते अकरा दिवसांनी लहान. म्हणून ईद, मोहरम हे दिवस दरवर्षी मागे सरकतात आणि सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतात. मराठी पंचांगातही महिने चंद्राचेच असतात, परंतु सुमारे तीन वर्षांनी अधिक महिना धरून ते सूर्याशी जुळते ठेवले जातात. त्यामुळे फाल्गुन नेहमी उन्हाळ्याच्या तोंडावरच येतो.

नगर जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत आहे. येथील शेतकऱ्याचे मुख्य पीक रब्बीची ज्वारी. ती फाल्गुनाच्या आसपास घरात येते. खळे झालेले असते, कणगीत दाणे असतात, पाऊस लांब असतो, बैलांना विश्रांती असते. नवस फेडण्यास, पाहुण्यांना जेवू घालण्यास, कुस्त्यांच्या हगाम्यावर इनाम लावण्यास शेतकऱ्याच्या हाती काही असते ते याच दोन महिन्यांत. म्हणून महाराष्ट्रातील कितीतरी गावांत पिराचा उरूससुद्धा मराठी तिथीने भरतो. जिल्ह्यात आज मुसलमानांचे प्रमाण शंभरात सुमारे सात आहे. एवढ्या थोड्या लोकांच्या बळावर गावोगावचे उरूस शेकडो वर्षे चालणे शक्य नव्हते. ते सगळ्या गावाच्या धान्यावर चालले आणि म्हणून सगळ्या गावाच्या पंचांगाने चालले.

मोहरम व ईद मात्र हिजरी तारखेनेच राहिले, कारण ते दीनाचे दिवस होते. आपल्या पूर्वजांनी दोन्ही पंचांगे सांभाळली. कोठे काय बदलता येते आणि कोठे नाही याचा विवेक त्यांच्यापाशी होता.

शब्दांची साक्ष

कागद फाटतात, शिलालेख झिजतात, परंतु शब्द टिकतात. कोणत्याही गावच्या देवाच्या जत्रेत जाऊन कान देऊन ऐकावे. रात्री देवाची पालखी निघते तिला 'छबिना' म्हणतात. हा फारसी 'शबीना', म्हणजे रात्रीचा. पालखीवर धरतात ती 'अब्दागीर' म्हणजे 'आफताबगीर', सूर्याला अडविणारी. पुढे 'निशाण' चालते, 'नगारा' वाजतो, 'मशाल' आणि 'हिलाल' पेटतात, 'गुलाल' आणि 'अबीर' उधळतो. हे सर्व शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि थेट देवळाच्या गाभाऱ्यापर्यंत पोचले.

देवाणघेवाण उलट दिशेनेही झाली. 'उर्स' हा अरबी शब्द, त्याचा मूळ अर्थ विवाह. संताचा मृत्यू म्हणजे त्याचे परमेश्वराशी मीलन, म्हणून पुण्यतिथीस हे नाव. मराठीने त्याचा 'उरूस' केला आणि 'उरसाला जाणे', 'उरसातली मिठाई' असे त्याला आपले प्रत्यय लावले. पिराला 'नवस' बोलतात, दर्ग्याला 'नारळ' वाढवितात. हजारो माणसे शेकडो वर्षे एका अंगणात उभी राहिल्यावरच असे शब्द एकमेकांच्या घरात जातात.

मान म्हणजे काय

या सर्व उदाहरणांत एक शब्द पुनःपुन्हा आला आहे, तो म्हणजे 'मान'. होळीचा मान गोपाळांचा, निशाणाचा मान कासारांचा, संदलाचा मान दलालांचा, पंजाचा मान अमुक घराचा. आजच्या भाषेत आपण त्याला हक्क म्हणू. पण त्यात हक्काबरोबर कामही येते. ज्याचा मान त्याने ते काम दरवर्षी केलेच पाहिजे, आणि इतरांनी त्याची वाट पाहिली पाहिजे. मानकरी आल्याशिवाय पालखी हलत नाही.

जुन्या गावगाड्यात ही व्यवस्था बलुत्याच्या रूपाने होती. ग्रँट डफने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. त्यात त्याने दिलेल्या बारा बलुतेदारांच्या यादीत सुतार, लोहार, कुंभार, गुरव, जोशी यांच्याबरोबर 'मुलाणा' आहे. गावची मशीद व पिराचे स्थान सांभाळणे आणि निकाह लावणे ही त्याची कामे. तसेच मराठ्यांच्या देवापुढे बकरे कापण्याचे कामही त्याचेच. खळ्यावर त्याचा वाटा ठरलेला. गावात मुसलमानाचे घर एकच असले तरी त्याच्यावाचून गावाची जत्रा पुरी होत नसे.

एकत्र नांदण्याचा हा मार्ग भाषणांतून आलेला नव्हता. प्रत्येकाला ठरलेली जागा, ठरलेले काम आणि ठरलेला वाटा होता. त्या व्यवस्थेत उच्च-नीचता होती, हे नाकारता येणार नाही. महार-मातंग समाजांना मान देतानाही दूर उभे केले जाई. तो भाग गेला हे चांगलेच झाले. परंतु दुसऱ्याची वाट पाहण्याची सवयही त्याबरोबर जाऊ नये, एवढीच चिंता आहे.

तुटते कसे

मेळे तुटतात तेव्हा ते बहुधा एका दिवसात तुटत नाहीत. १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांची दंगल झाली. पुढच्याच वर्षी पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाने जोर धरला आणि मोहरममध्ये हिंदूंनी भाग घेऊ नये असा प्रचार झाला. पुण्याच्या ताबुतांत पूर्वी हिंदूंचा सहभाग मोठा असे, तो त्यानंतर ओसरला. नगरात मात्र कोठल्याची सवारी सर्वांची राहिली.

आपल्या काळातही कसोटी आली आहे. मढीच्या मालकीविषयीचा वाद जुना आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत मढीच्या ग्रामसभेने यात्रेत मुसलमान व्यापाऱ्यांना दुकाने लावू न देण्याचा ठराव केला. प्रशासनाने तो रद्द ठरविला. श्रीगोंद्यातही शेख महंमदांचे स्थान मंदिर की दर्गाह, त्याची नोंद कोणत्या कायद्याखाली, यावरून त्याच वर्षी तणाव निर्माण झाला. बांगड्या, खेळणी, मिठाई विकणारा गरीब माणूस आणि त्याच्याकडून पिढ्यान्‌पिढ्या घेणारे गिऱ्हाईक या दोघांचेही अशा वादांत नुकसान होते.

अशा वेळी आपण काय करावे? रागाने बोलणे सोपे आहे. 'हे स्थान फक्त आमचे' असे उलट म्हणणेही सोपे आहे, पण ते इतिहासाला धरून होणार नाही. शाह रमजान आणि कान्होबा ही दोन्ही नावे त्या टेकडीवर शतकानुशतके घेतली गेली. त्यांतील एक पुसणे हा जसा अन्याय, तसाच दुसरे पुसणे हाही अन्याय. आपल्या बाजूने खरी साक्ष द्यावयाची तर ती पूर्ण द्यावी लागेल.

विद्यार्थी मित्रांनो

साक्ष देण्यासाठी माहिती हवी, आणि माहिती लिहून ठेवावी लागते. १९६१ च्या जनगणनेच्या वेळी महाराष्ट्रातील जत्रा-उत्सवांची स्वतंत्र नोंद करून ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध करण्यात आली. नगर जिल्ह्याचे नवे गॅझेटियर १९७६ मध्ये निघाले. त्यानंतर गावांत धरणांचे पाणी आले, कारखाने आले, तरुण मुंबई-पुण्याकडे गेले. अनेक गावांतील मानकऱ्यांची घरे बंद झाली. कोणाचा मान कोणता, हे सांगू शकणारी माणसे आता थोडी उरली आहेत आणि ती वृद्ध आहेत.

तेव्हा प्रत्येक विद्यार्थ्याने उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या किंवा आजोळच्या गावी एक वही घेऊन बसावे. गावात कोणता उरूस वा जत्रा भरते, ती कोणत्या तिथीस, पहिली पूजा किंवा पहिला गलेफ कोणाचा, संदल कोणाच्या घरातून निघतो, नगारा कोण वाजवितो, लंगरासाठी धान्य कोण देते, एवढे लिहावे. दादा-दादींना विचारावे, तसेच पाटलांच्या घरी, गुरवाच्या घरी, वस्तीवरही विचारावे. कोणाच्या पेटीत इनामाचा जुना कागद असेल तर त्याची मोडी किंवा फारसी वाचणारा शोधावा, त्याचे छायाचित्र घ्यावे आणि मूळ कागद होता तेथेच ठेवावा. ऐकलेली कथा 'कथा' म्हणून लिहावी व पाहिलेली गोष्ट 'पाहिली' म्हणून लिहावी. मुलींनी स्त्रियांशी बोलावे, कारण मलिदा कसा करतात, कोणते नवस बोलतात, कत्तलच्या रात्री कोणती गीते म्हणतात, हे पुरुषांना पुरते माहीत नसते.

पालकांना एवढीच विनंती की मुले अशी विचारू लागली तर 'अभ्यास सोडून हे काय' असे म्हणू नये. हाही अभ्यासच आहे.

नगर शहरात किल्ल्याजवळ दमडी मशीद आहे. १५६७ च्या सुमाराची. किल्ल्याच्या बांधकामावरील मजुरांनी मजुरीतून एकेक दमडी बाजूला टाकून ती बांधली, असे लोक सांगतात. दगडावरील तिचे कोरीव काम पाहण्यास आजही दुरून माणसे येतात. आपल्या जिल्ह्याच्या मेळ्यांचा इतिहासही एकेका गावाची, एकेका घराची दमडी जमवूनच उभा राहील. शंभर विद्यार्थ्यांनी शंभर गावे लिहून काढली तर पुढील पिढीला आपल्या मातीतील आपला वाटा कोणाकडे मागावा लागणार नाही. तो कागदावर, नावानिशी, शेजाऱ्याच्या वाट्याशेजारी लिहिलेला सापडेल.